कानाच्या पाळीइतके मऊ

वसतिगृहात होतो तोवर आम्हा दोघी बहिणींच्या हातांनी कणीक कधी मळली नाही. वाढण्याची पाळी येई, ताटे घासण्याची येई. पण चुलीपाशी मावश्याच असत. सुटीत घरी गेलो तरी तेच. उन्हाळ्यात अंगणात शेवयांचे पाट मांडले जात, शेजारणी जमत, आणि आम्ही पिठाकडे वळलो की आई म्हणे, “तुम्ही पुस्तक धरा. हे माझं मी बघते.” हा आग्रह मोडावा अशी इच्छा, खरे सांगायचे तर, आम्हांलाही नव्हती.

गेल्या दिवाळीत थोरलीच्या मुलाने घरी पास्ता करण्याचा हट्ट धरला. पाकिटातला नको, ताजा. त्याने आकार निवडला तो ओरेक्किएत्ते, म्हणजे ‘छोटे कान’. दक्षिण इटलीतील पुलिया प्रांताचा. उत्तरेकडे बोलोन्याच्या बाजूला मैद्यात अंडी घालून पीठ मळतात. पुलियात मात्र ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी, एवढेच. आपला बन्सी हा ड्युरमचाच वाण आहे, हे कळल्यावर आमचा धीर वाढला.

२०० ग्रॅम बारीक रवा आणि १०० मिलिलिटर कोमट पाणी घेतले. दहा मिनिटे मळले, तरी गोळ्याला भेगा. पाणी घातले, तो चिकट झाला. रवा भुरभुरला, पुन्हा भेगा. आईने एक विद्या जाणूनबुजून आम्हांला दिली नव्हती, दुसरी मिळावी म्हणून. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्या भेगांकडे पाहताना तिची किंमत प्रथमच डोळ्यांना दिसली.

शेवटी गावी फोन लावला.

“कसलं पीठ?”

“बन्सीचा रवा.”

“मग शेवयाच करताय की! पाणी ओतत सुटू नका. ओल्या फडक्याखाली झाकून ठेवा, रव्याला पाणी प्यायला वेळ लागतो. मग मळा, आणि कानाच्या पाळीला हात लावून बघा.”

कृतीतही अर्धा तास विसावा द्या असे स्पष्ट लिहिले होते. दोन पदवीधर बहिणींनी ते वाचून सोडून दिले होते.

अर्ध्या तासाने तोच गोळा हाताखाली गुळगुळीत फिरू लागला. त्याच्या करंगळीएवढ्या वळ्या केल्या, तुकडे पाडले, एकेक तुकडा सुरीच्या पात्याखाली ओढून अंगठ्यावर उलटा केला. बारी शहराच्या जुन्या वस्तीत बायका गल्लीत, दारापुढे बसून हे करतात. त्यांचे हात पाहत राहावेत असे चालतात. आमचे कान कुठे फाटके, कुठे जाड. धाकटीचे त्यातल्या त्यात बरे. उकळत्या पाण्यात पातळ होते ते शिजले, जाड मध्ये कच्चे राहिले. लसूण-टोमॅटोच्या रश्शात सगळे संपले.

रात्री आईला फोटो पाठवला. लगेच तिचा फोन आला.

“पोरानं काही केलं का?”

“सतरा कान केले.”

“मग त्याला उन्हाळ्यात इकडे पाठवा. पाट माळ्यावर आहे अजून; वाळवी लागली नसेल तर.”