रोहनचे स्वार कुठल्या खोक्यात मिळतात?



दिवाळीत किल्ल्यावर मांडायला आपण बाजारातून मातीची ‘चित्रं’ आणतो. ती कधी नीट बघितलीत का? वर सिंहासनावर महाराज, दाराशी भालदार, खाली डोक्यावर घागर घेतलेली गवळण, गवळणीच्या खांद्याला लागेल एवढाच हत्ती. आणि मावळे कमी पडले की कुठल्यातरी जुन्या डब्यातले हिरव्या प्लास्टिकचे बंदूकवाले सैनिक बुरुजावर चढतात. मुलांना त्यात काहीच वावगं वाटत नाही. ‘हा मावळा’ म्हटलं की तो मावळा! एकाच्या जागी दुसरा उभा करायचा हे काम आपली मुलं शाळेत यायच्या आधीच शिकलेली असतात.

आज याच कामाबद्दल लिहायचं आहे, पण मुलूख जरा लांबचा आहे. आमच्या शाळेत शनिवारी उपक्रमाचा तास असतो. नववीच्या मुलांनी यंदा ठरवलं की ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली मोठी लढाई टेबलावर मांडायची. चित्रपट सगळ्यांनी पाहिलेले. पुस्तक माझ्या कपाटात होतं, तेव्हा त्यातली वर्णनं मी मराठीत सांगायची आणि मुलांनी वहीत टिपून घ्यायची असं ठरलं. चित्रपटातल्या पात्रांच्या तयार मूर्ती मिळतात, पण त्यांच्या किमती बघून पोरांचे चेहरे उतरले. मात्र एकाच्या मामाने परदेशातून इतिहासातल्या सैनिकांची प्लास्टिकची खोकी आणून दिली होती. ही चित्रं १:७२ या प्रमाणातली असतात, म्हणजे माणूस जेमतेम अडीच सेंटीमीटरचा. नॉर्मन, रोमन, मंगोल असे निरनिराळे संच. प्रश्न एवढाच होता की कल्पनेतल्या कुठल्या सैन्यासाठी खऱ्या इतिहासातलं कुठलं खोकं उघडायचं?

हा उद्योग काही आम्हीच शोधलेला नाही बरं का. इंग्लंडमध्ये टोनी बाथ नावाच्या गृहस्थांनी रॉबर्ट हॉवर्डच्या कथांमधली हायबोरिया नावाची काल्पनिक दुनिया अशीच प्राचीन आणि मध्ययुगीन सैनिकांनी भरून काढली आणि तिथल्या राज्यांच्या लढाया वर्षानुवर्षं खेळवल्या. अमेरिकेत १९७१ साली ‘चेनमेल’ हा लढायांचा खेळ निघाला, तो मुळात मध्ययुगीन सैन्यांचा. त्याला शेवटी ड्रॅगन आणि जादूगारांची पुरवणी जोडलेली होती. तो लिहिणाऱ्या गॅरी गायगॅक्सने ड्रॅगन मिळेना म्हणून प्लास्टिकच्या डायनासोरचाच ड्रॅगन बनवला होता. हे सांगितल्यावर वर्गात फार आनंद झाला. मोठी माणसंही आपल्यासारखीच जुगाड करतात म्हणजे!

मी एकच नियम घातला. जो कोणी एखादं खोकं सुचवेल त्याने कारण सांगायचं, आणि कारण पुस्तकातून किंवा इतिहासातून आलं पाहिजे. ‘भारी दिसतात’ हे कारण चालणार नाही.

पहिला नंबर रोहनचा. रोहन म्हणजे गवताळ प्रदेशातलं घोडेस्वारांचं राज्य. टॉल्किन हे ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक, त्यामुळे रोहनमधली नावं त्यांनी त्या भाषेतून घेतली. थिओडेन म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘राजा’. एओमर आणि एओविन या नावांतल्या सुरुवातीच्या ‘एओ’मध्ये घोड्यासाठीचा जुना शब्द आहे. मग एका मुलीने लगेच निकाल दिला, “बाई, सोप्पं आहे. अँग्लो-सॅक्सन घ्यायचे.”

सोपं नव्हतं. १४ ऑक्टोबर १०६६ ला हेस्टिंग्जच्या टेकडीवर इंग्रज सैन्य ढालीला ढाल भिडवून उभं राहिलं ते पायी. घोड्यावरून चालून आले ते समोरचे नॉर्मन. म्हणजे नावं बघितली तर हरलेल्या बाजूचं खोकं, आणि लढण्याची तऱ्हा बघितली तर जिंकलेल्या बाजूचं. गंमत म्हणजे खुद्द टॉल्किननीच पुस्तकाच्या परिशिष्टात बजावलं आहे की नावं जुन्या इंग्रजीतली दिली म्हणून हे लोक शस्त्रांत आणि युद्धरीतीत जुन्या इंग्रजांसारखेच होते असं धरू नका. साम्य आहे ते ढोबळ. आणि १९५८ सालच्या एका पत्रात ते म्हणतात की रोहनच्या पोशाखासाठी बायूची पट्टी बरीचशी चालेल, फक्त त्यावरच्या सैनिकांनी टेनिसचं जाळं पांघरल्यासारखं दिसतं, ते खरं बारीक कड्यांचं चिलखत आहे एवढं लक्षात ठेवा.

ही बायूची पट्टी मुलांना जरूर दाखवा. हेस्टिंग्जच्या लढाईची ही गोष्ट लिननच्या कापडावर लोकरीच्या धाग्याने भरलेली आहे, लांबी जवळजवळ ७० मीटर. आपल्या शाळेच्या व्हरांड्यापेक्षा लांब! आम्ही तिचे फोटो मोठे करून पाहिले. मुलांनी जे टिपलं ते माझ्याही लक्षात आलं नसतं. नॉर्मनांचे केस मागून पार भादरलेले आहेत. इंग्रजांना मिशा आहेत. ढाली खाली निमुळत्या होत गेलेल्या आहेत. मग पुस्तकातलं रोहनच्या स्वारांचं वर्णन पुन्हा काढलं. गुडघ्यापर्यंत चिलखत, हलकं शिरस्त्राण, उंच भाला, पाठीला रंगवलेली ढाल, आणि शिरस्त्राणाखालून मागे उडणाऱ्या सोनेरी वेण्या. चिलखत जुळलं, भाला जुळला, घोडा जुळला. केस जुळेनात. शेवटी नॉर्मन स्वारांचंच खोकं उघडलं आणि प्रत्येकाच्या मानेवर एम-सीलच्या बारीक वेण्या लावल्या. तीस स्वार, साठ वेण्या, दोन शनिवार.

(जाता जाता एक कामाची गोष्ट सांगते. हे प्लास्टिक मऊ असतं, त्यावर रंग टिकत नाही. आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं, मग फेव्हिकॉल पातळ करून एक हात द्यायचा, वाळला की ॲक्रिलिक.)

गोंडोरचा प्रश्न लवकर सुटला. तिथल्या पहारेकऱ्यांच्या शिरस्त्राणाला गालांवरून खाली येणारी लांब पाती आहेत आणि वर समुद्रपक्ष्याचे पांढरे पंख. गालांवरची पाती रोमन सैनिकांकडे असतात, म्हणून रोमन. पंख लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे कापले. टॉल्किननी त्याच १९५८ च्या पत्रात गोंडोरच्या लोकांची तुलना प्राचीन इजिप्तशी केली आहे, राजाचा मुकुटसुद्धा इजिप्तसारखा उंच, फक्त पंखवाला. पण इजिप्तचं खोकं आमच्याकडे नव्हतं, विषय संपला.

मग आले ऑर्क. शत्रूचे भयानक सैनिक. आणि एक मुलगा अगदी सहज म्हणाला, “ऑर्कसाठी मंगोल घेऊ. तसेच दिसतात.”

आमच्या त्या गटात नेपाळहून आलेल्या कुटुंबातला एक मुलगा आहे. मधल्या सुट्टीत मैदानावर त्याला काय काय हाका मारतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपल्या सगळ्यांच्याच शाळांत ते कानावर येतं. तो घोड्याच्या पायाखालचा पुठ्ठा घासत बसला होता. त्याने वर पाहिलं नाही. घासणं मात्र थांबलं.

तुम्हाला, म्हणजे मोठ्यांना, एक गोष्ट सांगायला हवी. ही कल्पना त्या मुलाच्या डोक्यातून आलेली नाही. १९५८ मध्येच, एका पटकथेवर अभिप्राय देताना टॉल्किननी ऑर्कांचं रूप समजावून सांगण्यासाठी मंगोल चेहऱ्यांचाच दाखला दिला आहे, आणि तो आज वाचवत नाही अशा शब्दांत. हाच माणूस १९३८ साली एका जर्मन प्रकाशकाने वंशाची चौकशी केली तेव्हा खरमरीत उत्तर लिहिणारा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला ते पुस्तक फार आवडतं, म्हणूनच मी हे लपवत नाही.

त्या क्षणी भाषण द्यायचा मोह झाला होता. ‘कुणाला दिसण्यावरून बोलू नये’ वगैरे. पण ते भाषण झालं असतं कुणासाठी? सगळा वर्ग वळून त्या एका मुलाकडे बघत बसला असता. म्हणून मी नियमच पुढे केला. “कारण सांग. ‘तसेच दिसतात’ हे ‘भारी दिसतात’चंच भावंड आहे. पुस्तकात ऑर्क लढतात कसे? मंगोल लढायचे कसे?”

वह्या उघडल्या. ऑर्क पायी चालतात, काही लांडग्यांवर बसतात. जड लोखंड वापरतात. घोडे त्यांना लागतात ते चोरून न्यायला. आणि मंगोल? प्रत्येक स्वारामागे बदलायला जास्तीचे घोडे, धावत्या घोड्यावरून बाण मारण्यात जगात तोड नाही, गवताळ प्रदेश, कळप, तंबू. एका मुलीने वहीतलं पान उलटलं आणि म्हणाली, “बाई, रोहनमध्ये पण आहेत ना धावत्या घोड्यावरून बाण मारणारे?” आहेत. एओमरच्या तुकडीचं वर्णन करताना पुस्तकात तसं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे मंगोलांची जागा ठरली, पण ती ऑर्कांच्या बाजूला नाही, रोहनच्या डाव्या फळीला!

सुचवणारा मुलगा थोडा हिरमुसला, पण हरकत घ्यायला त्याच्याकडे पुरावा नव्हता. नेपाळी मुलगा म्हणाला, “ते मी रंगवतो.” बस, एवढंच. त्याची मैदानावरची हाक त्या दिवसापासून बंद झाली असं मी म्हणणार नाही, झालेली नाही. त्यासाठी मी आणि वर्गशिक्षक वेगळं काय ते करतो आहोत.

ऑर्कांसाठी मग कुठलंच माणसाचं खोकं उघडायचं नाही असं मुलांनीच ठरवलं. शाडूचे ओबडधोबड गोळे केले, काड्यांचे भाले खोचले. फार छान झाले आहेत, खरंच भीती वाटते.

आपल्या किल्ल्यांवरही शत्रू असतोच. त्याला कुठलं चित्र द्यायचं हे मुलं कशावरून ठरवतात, ते यंदा शेजारी बसून बघा. बहुतेकदा पोशाखावरून, कधी दाढीवरून. इतिहास इतका सरळ नाही. १६६५ मध्ये पुरंदरला वेढा पडला तेव्हा मोगली फौजेचे सेनापती होते मिर्झाराजे जयसिंह, राजपूत. त्यांच्या सोबत दिलेरखान. इकडे महाराजांच्या आरमारात दौलतखान अधिकारी होता. मराठे सरदार आदिलशाहीतही होते आणि मोगलांकडेही. नुसतं चित्र हातात घेऊन ‘हा कुणाचा?’ विचारलं तर इतिहासाच्या शिक्षकालाही थांबावं लागेल, आणि मला वाटतं, थांबलेलंच बरं.

सगळ्यात जास्त वेळ हरादने खाल्ला. हे दक्षिणेकडचे लोक, लाल कपडे, पितळेच्या पत्र्यांचं चिलखत, केसांत सोनं गुंफलेलं आणि सोबत अवाढव्य हत्ती. हत्ती म्हटल्यावर मुलांना आधी पोरसच आठवला, इ.स.पू. ३२६, झेलमच्या काठी सिकंदरासमोर उभा ठाकलेला. “म्हणजे बाई, आपणच शत्रू?” असं एकाने विचारलं आणि वर्ग हसला, पण प्रश्न चांगला होता. दुसऱ्याने कार्थेजचे हत्ती सुचवले, हॅनिबलचे. त्यावर तिसरा, “मग आफ्रिकेतले लोक शत्रू झाले.” कुणालाही घेतलं तरी कुणीतरी खरं माणूस त्या बाजूला जातच होतं. हराद हा माणसांचाच देश, तिथे शाडूचे गोळे चालणार नव्हते.

तेव्हा मी पुस्तकातला एक प्रसंग सांगितला. सॅम हा साधा माळी, पहिल्यांदाच माणसांची माणसांशी लढाई बघतो आणि हरादचा एक सैनिक त्याच्या जवळच मरून पडतो. सॅमला वाटतं, याचं नाव काय असेल, हा आला कुठून, खरंच मनाने दुष्ट होता का, की कुणी खोटं सांगून, धमकावून त्याला घरापासून एवढ्या लांब आणलं. टॉल्किन स्वतः १९१६ साली सोमच्या खंदकांत होते. मुलं गप्प झाली होती.

शेवटी हरादसाठी मिश्र सैन्य ठरलं. पाच-सहा खोक्यांतले उरलेले सैनिक एकत्र करायचे, सगळ्यांना लाल रंग द्यायचा. हत्ती मात्र किल्ल्याच्या चित्रांतलाच घेतला, मातीचा, गवळणीच्या खांद्याएवढा. १:७२ च्या सैनिकांशेजारी तो पुस्तकातल्याइतकाच अवाढव्य दिसतो. आता मुलं प्रत्येक हरादी सैनिकाच्या पुठ्ठ्याखाली पेन्सिलने त्याचं नाव लिहिताहेत. वरून दिसत नाही, उचललं तरच दिसतं. बावीस झाली आहेत, अठरा राहिली आहेत, आणि नावं कुठल्या भाषेतली असावीत यावर सध्या जोरात भांडण चालू आहे.