अंगणातलं लग्न

मामेबहिणीचं लग्न ठरलं आणि मामा झाशीत कार्यालय बघू लागले. ती म्हणाली, "बाबा, एका दिवसासाठी कर्ज नको. आपल्या समथरच्या अंगणातच करू." मामा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. एकुलती एक लेक कशीबशी उजवली, असं लोक म्हणतील, हा त्यांचा सल.

खरं तर मराठी लग्न या मुलखाला नवं नाही. १८४२ साली गंगाधरराव आणि मणिकर्णिकेचं, म्हणजे लक्ष्मीबाईंचं लग्न झाशीच्या गणेश मंदिरात लागलं होतं. पण मामांना इतिहास सांगणार कोण!

वैशाखातलं बुंदेलखंडी ऊन म्हणून गोरज मुहूर्त धरला. आम्ही बायका चार दिवस आधी पोचलो. बांबूचा मांडव, आंब्याच्या पानांचं तोरण, पळसाच्या पत्रावळी, सगळं घरचं. मोगऱ्याच्या मुंडावळ्या मी हौसेनं सकाळीच ओवल्या आणि दुपारपर्यंत त्या पार कोमेजल्या. शेजारच्या बुंदेली काकींनी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कळ्या आणून दिल्या, तेव्हा पुन्हा ओवल्या.

अंतरपाट तेवढा राहिला होता. मामा आत गेले आणि आपलं ठेवणीतलं उपरणं घेऊन आले. त्यावर मी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, जरा तिरकंच.

पंगतीत मामा स्वतः तूप वाढत होते. एका पाहुण्यांनी विचारलं, "कार्यालय मिळालं नाही वाटतं?"

"मिळत होतं की," मामा म्हणाले, "पण लेकीनं घर मागितलं. घ्या, अजून एक धार घ्या."