हशात आमचाही वाटा

मराठी विनोदी सिनेमात विदर्भातला माणूस आला की पहिला हशा त्याच्या बोलण्यावर पिकतो. तो ‘काहून बे’ म्हणतो, ‘जाऊन राहिलो’ म्हणतो आणि थिएटर खदखदतं. त्याला काय हवंय, कोणावर त्याचा जीव जडलाय, याचा पटकथेत बहुधा पत्ताच नसतो. हवालदार, गडी, नाहीतर भोळा पाहुणा. दोन प्रसंग झाले की गेला. नागपूरजवळच्या कन्हानमध्ये वाढलेल्या मला हे फार लागतं.

याला इतिहास आहे. मराठी सिनेमा कोल्हापूर, पुणे आणि मुंबईत वाढला. ‘प्रभात’ फिल्म कंपनी 1929 साली कोल्हापुरात निघाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली, तेव्हा नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं. 1956 पर्यंत आमचं राज्यच वेगळं. पडद्यावरचं हसू साहजिकच तिकडच्या बोलीत घडलं. 1971 च्या ‘सोंगाड्या’त दादा कोंडके खेडवळ बोलीतच नायक झाले. पुढे मकरंद अनासपुरेंनी मराठवाड्याची बोली मुख्य भूमिकेत आणली. आमची पाळी आली ती टीव्हीवर. 2014 मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ सुरू झालं आणि भारत गणेशपुऱ्यांची वऱ्हाडी घरोघर पोचली. आपल्यासारखं बोलणारा माणूस नेहमी पडद्यावर दिसला की लेकरांची आपल्या बोलीबद्दलची लाज जाते. गणेशपुऱ्यांचे आमच्यावर उपकार आहेत.

पण बोली पोचली म्हणजे माणूस पोचला असं नाही. आमचं कन्हानच घ्या. हावडा मार्गावरून रामटेकचा फाटा फुटतो ते हे गाव. भोवती कोळशाच्या खदानी. त्यांच्यामुळे छत्तीसगडी, तेलुगू, बिहारी कुटुंबं इथे आली आणि इथलीच झाली. पहिली पाळी सुटली की पोह्याच्या ठेल्यावर गर्दी होते. चण्याची तर्री वाढणाऱ्या बाई अर्धं छत्तीसगडी, अर्धं मराठी बोलतात आणि समोरच्याला दोन्ही कळतं. तिथे एका निवृत्त खदान कामगाराकडून ऐकलेला किस्सा सांगते. ‘बायको इचारते, खदानीत काय असते? म्या म्हनलं, अंधार. थे म्हन्ते, अंधार पाहाले एवढ्या दूर कायले जाता? घरी रोज लाईन जाते ना!’ सगळा ठेला हसला. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रं जवळच, आणि कोळसा काढणाऱ्याच्याच घरात अंधार. त्या कामगाराच्या बायकोला हे नेमकं दिसलं, म्हणून तो विनोद. तिची बोली त्यात आहेच, पण हसू तिच्या अकलेचं आहे.

असं हसू मला ‘झुंड’मध्ये भेटलं. 2022 चा हा सिनेमा हिंदी, आणि रूढ अर्थाने विनोदीही नाही. पण नागराज मंजुळेंनी नागपूरच्या वस्त्यांमधली पोरं घेतली आणि त्यांना त्यांच्याच भाषेत बोलू दिलं. ती एकमेकांची खेचतात तेव्हा आपण त्यांच्याबरोबर हसतो. त्यांच्याच ‘सैराट’मध्ये तानाजी गळगुंडेचा प्रदीप तसाच. पाय अधू असलेला मित्र आपल्या सिनेमात आजवर टवाळीपुरता असायचा. इथे त्याला स्वतःचं प्रेम आहे, अपमान आहे, जिवाची बाजी लावणारी मैत्री आहे.

आमच्याकडे हसवणारे नाहीत, असं कोणी म्हणू नये. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात आणि झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं. थंडीत घोंगडी पांघरून माणसं पहाटेपर्यंत हसतात. त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणेंना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. मोठ्या पडद्यावर मात्र ही फळी क्वचितच दिसते.

मुंबई-पुण्याच्या निर्मात्यांना माझी विनंती आहे. विदर्भातलं पात्र लिहायचं असेल तर संवाद वऱ्हाडीत फिरवून देणारा माणूस शेवटच्या आठवड्यात शोधू नका. इथल्या लेखकाला पहिल्या दिवशी बोलवा, त्याला गोष्ट लिहू द्या, आणि त्या गोष्टीतला नायक खदानीतून घरी येणारा असू द्या.