रिकाम्या हातांचं गाणं

आजीला गाणं म्हणायला सांगितलं तेव्हा तिनं आधी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ओसरीवर खुर्ची मांडली होती, फोन रेकॉर्डिंगला लावला होता, आवाज नको म्हणून पंखासुद्धा बंद केला होता. ती खुर्चीत अवघडून बसली. पहिली ओळ ओठाशी आली आणि तिथेच अडली. पुन्हा आली, पुन्हा अडली. शेवटी म्हणाली, "अशी रिकाम्या हातानं कशी म्हनू रे बाबू? हात हालला पायजे ना."

मग तिनं सूप मागवलं, त्यात दोन मुठी तांदूळ टाकले आणि खुर्ची सोडून खाली बसून पाखडायला लागली. चार-पाच झटके झाले असतील, आणि रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं, गाणं आपोआप बाहेर आलं. आधी अडखळलेली ओळ आता कुठेच अडखळली नाही.

त्या रेकॉर्डिंगमध्ये आजीपेक्षा सूप मोठं वाजतं. मी तेव्हा वैतागलो होतो. सुपाचा आवाज पुसून टाकणारं एखादं ॲप मिळतं का, हेही शोधलं होतं. नाही मिळालं, हे बरंच झालं.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. तिकडे जुलै-ऑगस्टात सगळा मुलूख पाण्यात उभा असतो. पऱ्ह्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंड्या धुऱ्यावरून बांधीत फेकल्या जातात, त्या पाण्यात पडतात तो एक आवाज. चिखलात रुतलेला पाय उपसतो तो दुसरा. बायांची ओळ वाकून मागे सरकत जाते आणि गाणं तिच्यासोबत मागे सरकतं. गाण्याच्या ओळीच्या शेवटी जो थांबा येतो तो सौंदर्यासाठी नसतो, पेंडी सोडायला लागतो तेवढा वेळ असतो. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण माहीत असणं आणि कळणं यांत फार अंतर असतं, आणि ते अंतर माझ्यासाठी एका अमेरिकन बाईनं मिटवलं.

मेरियन अँडरसन. फिलाडेल्फियाची, कृष्णवर्णीय, खर्जातल्या खोल आवाजाची. 1939 साली वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये तिला तिच्या रंगामुळे गाऊ दिलं नाही. मग 9 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उघड्यावर गायली. समोर सुमारे 75,000 माणसं. सोबतीला एकच पियानो आणि त्यावर बसलेला कोस्टी वेहानेन नावाचा फिनलंडचा वादक. त्या दिवशी तिनं दोनिझेत्तीच्या ऑपेरातलं गाणं म्हटलं, शूबर्टचं म्हटलं, आणि शेवटी आपल्या लोकांची भक्तिगीतं, ज्यांना तिकडे स्पिरिच्युअल म्हणतात. त्यातलं एक आहे 'ट्रॅम्पिन'. पाय ओढत चालण्याचं गाणं.

गोंदियात रात्री साडेदहाला, खिडकीबाहेर भातगिरणीची घरघर चालू असताना, मी ते पहिल्यांदा फोनवर ऐकलं. शब्द नीट कळत नव्हते. पण पियानो एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवत होता. एक पाऊल, दुसरं पाऊल, पुन्हा तेच. त्यात ना हरकत ना मुरकी, नुसतं थकलेलं चालणं. आणि त्यावर तो आवाज, अजिबात घाई नसलेला.

मला एकदम सूप आठवलं.

लोकगीत मूळचं एकटं कधीच नसतं. त्याच्यासोबत वल्हं असतं, जातं असतं, मुसळ असतं, चिखल असतो. गाणं रंगमंचावर आणलं की हे सगळं मागे राहतं आणि गाणाऱ्याचे हात रिकामे होतात. पियानो आहे तो त्या रिकाम्या हातांच्या जागी. निदान चांगल्या रचनाकारांनी तो तसा वापरला.

स्पिरिच्युअल गाण्यांत हे जाणीवपूर्वक करणाऱ्या सुरुवातीच्या रचनाकारांत हॅरी बर्ली होते. त्यांचे आजोबा हॅमिल्टन वॉटर्स गुलाम होते, 1832 मध्ये पैसे मोजून सुटले. डोळ्यांनी अंध. ईरी नावाच्या गावात ते रस्त्यावरचे दिवे लावत, आणि छोटा नातू त्यांच्यासोबत फिरे. अंध माणूस गावाचे दिवे लावतो आणि लावता लावता गुलामीतली गाणी नातवाला शिकवतो. कादंबरीत लिहिलं असतं तर मी नाक मुरडलं असतं! नातू पुढे न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीत शिकायला गेला. 1892 मध्ये तिथे संचालक म्हणून चेक रचनाकार द्वोर्झाक आले. बर्ली त्यांना ही गाणी गाऊन दाखवायचे, आणि द्वोर्झाक पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचे. पुढे बर्लींनी त्यातली कितीतरी गाणी एका गळ्यासाठी आणि पियानोसाठी लिहून काढली. लिंकन स्मारकापाशी अँडरसननं म्हटलेल्यांत त्यांचीही एक मांडणी होती.

अमेरिकन रचनाकार ॲरन कोपलंड नंतरचा. त्यानं 1950 मध्ये पाच आणि 1952 मध्ये पाच जुनी अमेरिकन गाणी पियानोसाठी बांधली. विल्यम वॉरफिल्डनं ती गायली, साथीला खुद्द कोपलंड. त्यातलं मांजर विकत घेण्याचं पोरगाणं ऐकावं. एकेक प्राणी वाढत जातो आणि प्रत्येक कडव्यात आधीच्या सगळ्यांचे आवाज काढावे लागतात. ऑर्केस्ट्राच्या डोक्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला घडवलेला गळा बदकासारखा, डुकरासारखा बोलतो, आणि पियानो त्याच्या मागे पंख फडफडवत पळतो. वर्षानुवर्षं कमावलेला आवाज असा लहान पोराच्या मापाचा करायचा, हे मला तारसप्तकात टिकून राहण्यापेक्षा अवघड वाटतं.

1950 च्या याच संचात नावाड्यांच्या नाचाचं एक गाणं आहे, 1843 मधलं, डॅन एमेटचं. गोरे लोक तोंडाला काजळी फासून काळ्यांची टिंगल करत गात, त्या तमाशांतलं हे. कोपलंडनं पियानोला तिथल्या बँजोची नक्कल करायला लावली. दुसऱ्या संचातल्या अशाच एका गाण्याचे अपमानकारक शब्द मात्र त्यानं बदलून टाकले. बरोबर केलं असंच मी म्हणेन. तरी मनात एक रुखरुख राहते. धुतल्यावर डाग जातो तसा कापडाचा थोडा रंगही जातो, आणि नंतर ऐकणाऱ्याला डाग होता हेच ठाऊक राहत नाही.

आपल्याकडची साथ वेगळी. झाडीपट्टीचं नाटक मी पोरपणापासून पाहतो. दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत रात्र रात्र चालणारं. बाजूला ऑर्गन, तबला. ऑर्गन गाणाऱ्याच्या पाठीला सावलीसारखा चिकटलेला असतो. तो वळला की वळतो, तो श्वास घ्यायला थांबला तर सूर धरून ठेवतो. पियानोला हे जमत नाही. त्याची तार हातोडीनं वाजते आणि वाजल्या क्षणापासून विरायला लागते. सूर धरून ठेवणं त्याच्या हाडातच नाही. म्हणून तो गाणाऱ्याच्या मागून चालत नाही, शेजारून चालतो आणि स्वतःचं काहीतरी बोलत राहतो. आपल्या कानाला हे सुरुवातीला उद्धट वाटतं. सवयीनं कळतं की हा उद्धटपणा नाही, ही वेगळी सोबत आहे. कधी तर गाणारा थांबतो, शब्द संपतात आणि पियानो पुढे एकटाच बोलत राहतो. शूमानच्या 1840 मधल्या 'डिख्टरलीबं' या गीतमालेच्या शेवटी तो कितीतरी वेळ थांबतच नाही. गाणारा मुकाट उभा असतो.

ही स्पिरिच्युअल गाणी आपल्याकडे आलीच नाहीत असं नाही. फेब्रुवारी 1936 मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन धर्मोपदेशक हॉवर्ड थर्मन आणि त्यांची पत्नी सू बेली थर्मन बारडोलीला गांधीजींना भेटले. निघताना गांधीजींनी त्यांना एका स्पिरिच्युअलची फर्माईश केली, ख्रिस्ताच्या क्रुसाविषयीच्या. त्यांनी ते म्हटलं. तिथे पियानो असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच वसंतात गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले, जे पुढे सेवाग्राम झालं. म्हणजे आमच्याच रेल्वेमार्गावर, काही तासांच्या अंतरावर. आणि 1957 मध्ये मेरियन अँडरसन स्वतः भारतात आली, फ्रान्झ रुप या पियानोवादकाला घेऊन. दिल्लीत गांधी स्मारकापाशी तिनं गांधीजींच्या आवडीचं 'लीड, काइंडली लाइट' म्हटलं. दोनच वर्षांपूर्वी, 7 जानेवारी 1955 ला, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात भूमिका करणारी पहिली कृष्णवर्णीय गायिका म्हणून ती उभी राहिली होती. तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. एवढा उशीर तिच्या गळ्यानं केला नव्हता.

यंदा रोवण्याला गावी गेलो होतो. गुत्त्यानं काम करणाऱ्या बाया, हात भराभर चालणारे. गाणं नव्हतं. धुऱ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत एक फोन होता आणि त्यातून सिनेमातलं काहीतरी वाजत होतं. त्याच्या तालाशी हातांचा काही संबंध नव्हता, तरी एक बाई मान डोलावत होती. मी गळा काढायचं ठरवलं नव्हतंच. त्यांच्या कमरेला कळा होत्या आणि मी धुऱ्यावर छत्री घेऊन उभा होतो.

रात्री आजीचं रेकॉर्डिंग लावलं, आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं. आजपर्यंत गाणं संपलं की मी बंद करायचो. गाणं चार-साडेचार मिनिटांतच संपतं. मी तेव्हा फोन बंद करायला विसरलो असणार. कारण त्यानंतरही सूप चालूच आहे. झटका, मग तांदूळ परत पडल्याचा आवाज, मग झटका. मध्ये एकदा कोंबडीला हाकललेलं ऐकू येतं. मग पुन्हा सूप.