उंबऱ्यापासून स्टँडपर्यंत

मूल वाढतंय हे रोज त्याला अंगावर घेणाऱ्या आईला दिसत नाही. ते दिसतं गणपतीला मुंबईहून आलेल्या चुलत्याला. "केवढा झालाय रे हा!" म्हणत तो उचलून घेतो, आणि शिमग्याला पुन्हा येतो तेव्हा पोर उचलून घ्यायला जागेवर सापडत नाही. पोलादपूरच्या वाड्यांमध्ये निम्मी माणसं मुंबईला, त्यामुळे पोरांची वाढ सणांच्या मापानं मोजायची सवय जुनी आहे.

दुसरं माप अंगणवाडीतलं. तिथे काटा असतो, बाळाला झोळीत टांगतात, बाळ भोकाड पसरतं आणि ताई वहीत आकडा लिहितात. जन्मताना अडीच-तीन किलोचं बाळ ५ महिन्यांत दुप्पट होतं, वर्षाचं झालं की तिप्पट. लांबी ५० सेंटीमीटरवरून वर्षात ७५. जन्मानंतर माणूस या वेगानं पुन्हा कधीच वाढत नाही, आणि नेमक्या या वर्षातलं त्याला पुढे काहीही आठवत नाही. वहीतल्या आकड्यापेक्षा मला तक्त्यावरची रेघ जास्त बोलकी वाटते. बारीक अंगाचं मूल आपल्या रेघेनं वर चढत असेल तर आजीनं उगाच दृष्ट काढत बसू नये. पण गुटगुटीत पोराची रेघ दोन महिने आडवी पडली तर मात्र विचारायला हवं. पावसाळ्यात ती पडते. आई लावणीला, पोर पडवीत आजीजवळ, त्यात जुलाब नाहीतर ताप. कातकरी वाड्यांवरच्या मुलांची तर रेघच मध्ये तुटते. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीला नाहीतर कोळशाच्या भट्टीला निघतात, पोरं बरोबर जातात, आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत वहीतले रकाने कोरे राहतात. तेवढे महिने मूल काही वाढायचं थांबलेलं नसतं. फक्त त्याच्याकडे कुणी पाहत नसतं.

वजन-उंची यंत्राला कळते. या डोंगरांत राहणाऱ्यांना तिसरीच एक गोष्ट वाढताना दिसते, ती म्हणजे मुलाचं आईपासूनचं अंतर. मांडी, पडवी, अंगण, पऱ्या, साकवापलीकडची शाळा, महाडचा स्टँड, मुंबई. मुलाचं सगळं मोठं होणं या रस्त्यावर घडतं.

अंतर शून्य असतं तेव्हाची गोष्ट रायगडच्या पायथ्याशी सगळ्यांना पाठ आहे. हिरकणी गडावर दूध घालायला गेली, दिवस मावळला, दरवाजे बंद झाले, आणि ती काळोखात कडा उतरून घरी आली. दंतकथा आहे, तिच्याकडे कागदपत्रं मागू नयेत. शाळेत ती धाडसाची म्हणून सांगतात. मला ती कायम दुधाची वाटत आली. तान्ह्याला दोन-तीन तासांनी भूक लागते, आणि तिकडे आईचा पान्हाही दाटून दुखायला लागतो. त्या वयात आई आणि मूल अशी दोन वेगळी माणसं धरायचीच नसतात. कायद्यानं २०१७ साली नोकरदार आईची बाळंतपणाची रजा २६ आठवडे केली, चांगलं केलं. लावणीला जाणाऱ्या बाईला मात्र आजही शेताचा बांध हेच पाळणाघर आहे.

सातव्या-आठव्या महिन्यात पोर रांगायला लागतं आणि पहिल्यांदा स्वतःहून दूर जातं. घर त्याला जमिनीच्या उंचीवरून दिसतं. सरपणाची रास, पेंढा, दगडी भिंतीच्या फटी. विंचवाचीही जागा तीच. १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं त्यांच्या डोळ्यांसमोर जात होती, आणि त्यांत लहान मुलं फार. कारण साधं आहे. विंचू पोराचं वय पाहून विष कमी टोचत नाही. तेवढंच विष दहा किलोच्या देहात शिरतं. आधी घाम, उलटी, हातपाय गार, मग छातीत पाणी. गंभीर झालेल्या दहांपैकी तीन-चार दगावत. बावस्करांनी रात्र-रात्र रोग्यांच्या उशाशी बसून ही लक्षणं टिपली. १९८२ साली त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन हे औषध इथे लागू पडतं हे त्यांनी दाखवलं. तेही १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच आलं. वेळेत गोळी मिळाली तर आता मृत्यू क्वचितच. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज रायगड जिल्ह्यात पन्नाशीला आलेल्या कितीतरी माणसांचं रांगतं वय त्या केंद्रामुळे पार पडलेलं आहे, त्यांना ते ठाऊकही नसेल.

चालण्याबद्दल आया उगाच घोर लावून घेतात. कुणी नवव्या महिन्यात पाऊल टाकतं, कुणी दीड वर्षानं, दोन्ही ठीकच. शेजारणीच्या पोराशी तुलना करून कुणाचं पोर लवकर चाललेलं मी पाहिलेलं नाही.

मग शाळा. इथे अंतराला वेगळीच धार येते, कारण ते नेहमी पायांनी तुटत नाही. महाड तालुक्यात नाते गावी १८९६ साली चिंतामण देशमुखांचा जन्म झाला. वडील वकील, मुलगा रोह्याला, मुंबईला, केंब्रिजला शिकला आणि १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. त्याच तालुक्यात, लाडवलीला, १९०३ साली रामचंद्र बाबाजी मोरे जन्मले. पोर हुशार, पण महार. महाडच्या इंग्रजी शाळेनं प्रवेश नाकारला. पोरानं गप्प न बसता वर्तमानपत्राला पत्र धाडलं. मग प्रवेश मिळाला, पण बसायची जागा वर्गाबाहेर. घरापासून शाळेपर्यंतचं अंतर तो चालून आला होता. उरलं होतं ते भिंतीएवढं, आणि ते चालून संपणारं नव्हतं. हेच मोरे पुढे १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात भरलेल्या परिषदेच्या संघटकांत होते. त्या परिषदेनंतर बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. वर्गाबाहेर बसवलेलं मूल काय शिकतं, हे शाळेला कधीच नीट कळत नाही.

दहाव्या-अकराव्या वर्षी मुली एकदम ताडमाड होतात. मुलगे मागून येतात, साधारण दोन वर्षांनी. त्यामुळे सातवीच्या रांगेत मुली उंच आणि पोरं त्यांच्या खांद्याला. पुढे पोरांचा आवाज फुटतो, पँट घोट्याच्या वर जाते, जेवणाला ताळतंत्र राहत नाही. शरीराचं काम अठराच्या आसपास आटोपतं. मेंदूचा पुढचा भाग, ज्याच्याकडे सारासार विचाराचं खातं, तो पंचविशीपर्यंत पिकत राहतो. आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधीच पोरगा बारावीचा निकाल घेऊन मुंबईला गावकीच्या खोलीवर किंवा महाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर गेलेला असतो. त्याला समज नाही म्हणून घरचे फोनवर चिडतात. समज यायला अजून वेळ आहे, हे कुणी सांगत नाही.

आणि मुली? शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंतची शाळा एका किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी म्हणतो. आठवीनंतर कायदा अंतर मोजायचं सोडून देतो, नेमकं ते सगळ्यात लांब होतं तेव्हा. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे. पण वाडीपासून सडकेपर्यंतची घाटी, पावसातला साकव आणि संध्याकाळी वेळेवर न येणारी गाडी यांना पास दाखवून चालत नाही. मुलगी दोनदा अंधार पडल्यावर घरी आली की तिसऱ्यांदा तिला पाठवत नाहीत. तिला शिकायचं नव्हतं, असं मग सांगितलं जातं.

महाड-पोलादपूरच्या वाड्यांना म्हणून एवढंच सांगणं आहे. पुढच्या ग्रामसभेत देवळाच्या सभामंडपाचा विषय निघायच्या आधी एक ठराव मांडा. आपल्या गावच्या किती मुली नववी ते बारावीत आहेत, त्यांची शाळा किती वाजता सुटते, हे लिहून काढा आणि त्या वेळेची गाडी मागा. लेखी मागा, मिळेपर्यंत मागा.