फुटवा आधी, फूल नंतर

स्लिपर ऑर्किड वाढवायला लागलं की नजर फुलावरून हळूहळू फुटव्याकडे वळते. या झाडाचा एक फुटवा आयुष्यात एकदाच फुलतो. फुलून गेल्यावरही त्याची पानं हिरवी राहतात आणि शेजारच्या नव्या फुटव्याला पोसतात. म्हणून फूल सुकलं की मी फक्त दांडा कापतो, पानांना हात लावत नाही.

याला फुगीर कंद नसतात, म्हणजे पाण्याचा साठा नाही. मुळं मोजकी, तपकिरी, लवदार. पार सुकली तरी मरतात, चिखलात राहिली तरी कुजतात. पाइनची साल, कोळसा आणि थोडं परलाइट त्यांना मानवतं. सालीचा भुगा होण्याआधी कुंडी बदलावी. बोअरच्या क्षारांनी पानांची टोकं करपतात. साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम. पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी टिपून घ्यावं, नाहीतर गाभा सडतो. पूर्वेची खिडकी पुरते. आपल्या उबदार घरांत नक्षीदार पानांचे संकर रमतात. हिरव्या पानांच्या बऱ्याच जातींना थंड रात्री लागतात.

फूल महिना-दीड महिना सहज टिकतं. ते भिंगातून पाहावं. फुलाच्या पिशवीसारख्या पाकळीची कड इतकी गुळगुळीत, की माशी घसरून आत पडते. मागच्या बाजूला केसांची चढण असते, तेवढीच वर जायची वाट. त्या चिंचोळ्या वाटेवर आधी स्त्रीकेसर लागतो, मग पराग. माशी पराग घेऊन निघते ती पुढच्या फुलासाठी. मध मात्र तिला मिळत नाही.

केळीची रोपं टिश्यू कल्चरने हवी तितकी होतात. स्लिपर ऑर्किडला ते तंत्र व्यापारी प्रमाणावर साधलेलं नाही. रोपं मिळतात ती फुटवे विभागून, नाहीतर निर्जंतुक बाटलीत बी रुजवून, आणि बियांपासून फुलापर्यंत काही वर्षं जातात. ती वर्षं वाचवायला लोक जंगल ओरबाडतात. दक्षिण भारतातली पॅफिओपेडिलम या स्लिपर ऑर्किडच्या वंशाची एकमेव जात, पॅफिओपेडिलम ड्रुराई, अगस्त्यमलैच्या डोंगरांत सापडते. पिवळ्या फुलावर तपकिरी पट्टा. संग्राहकांनी ती जवळजवळ संपवली. आज हा सगळा वंश साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे आणि आपल्या वन्यजीव कायद्याचंही त्याला संरक्षण आहे.

तेव्हा रोप घेताना विक्रेत्याकडे परवाना आणि रोपवाटिकेत वाढवल्याची कागदपत्रं मागा. ती नसतील तर रोप कितीही देखणं असो, घेऊ नका.