हवेतले शंभर किलोमीटर

नकाशावर गडचिरोली आणि भामरागड यांच्यावर पट्टी ठेवली, तर अंतर भरतं साधारण शंभर किलोमीटर. हेलिकॉप्टरला एवढ्यासाठी अर्धा तास पुरे. निवडणुकीच्या दिवसांत दुर्गम केंद्रांकडे मतदान यंत्रं आणि कर्मचारी घेऊन ते असंच उडतं. वरून पाहणाऱ्याला जंगल सलग दिसतं आणि नद्या म्हणजे नुसत्या चकाकत्या रेघा.

खाली उतरलं की तेच अंतर पावणेदोनशेच्या आसपास जातं. चंद्रपूरची वाट गोंडपिपरीवरून येते आणि वैनगंगा ओलांडून आष्टीला पोचते. गडचिरोलीची वाट चामोर्शीहून तिथेच मिळते. पुढे आलापल्लीचं उंच सागवान, मग पेरमिली, ताडगाव, हेमलकसा. मला ही वाट फार आवडते. फाल्गुनात पळस पेटलेला असतो, चैत्रात मोहफुलांचा वास एसटीच्या खिडकीतून आत येतो, आणि पहाटेच टोपल्या घेऊन निघालेल्या बाया झाडांखाली वाकलेल्या दिसतात. हे सगळं पाहायला वाटेचं लांबणं हवंच.

पण आषाढ-श्रावणात या वाटेचं रूप पालटतं. भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात. इंद्रावती दुथडी भरली की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही. ते मागे तुंबतं, पुलावर चढतं आणि गावात शिरतं. मग भामरागडचा संपर्क तुटतो. हेमलकशाचा दवाखाना जवळच, नदीच्या अलीकडे. 1973 साली बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प उभा केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया आदिवासींमध्ये राहिले, ते उपचार माणसाच्या दाराजवळ यावेत म्हणून. तरी पूल बुडाला की ही दोन-तीन किलोमीटर मुंबईपेक्षा लांब होतात. आतल्या टोल्यावरच्या अडलेल्या बाईला खाटेची कावड करून खांद्यावर आणतात. नाला छातीपर्यंत आला की कावड डोक्यावर जाते. या चालीला तास लावून मोजता येत नाही. खांदे किती वेळा बदलले, एवढंच वाहणाऱ्यांच्या ध्यानात राहतं.

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्याआधी भामरागडच्या माणसाचं जिल्ह्याचं काम चंद्रपुरात असे. कचेरी जवळ यावी, हा त्या विभाजनाचा अर्थ होता, आणि तो मोलाचा होता. तरीही नव्या जिल्ह्याच्या ठिकाणाहून सिरोंचा दोनशे किलोमीटरहून लांब राहिलं. जिल्हाच दक्षिणोत्तर इतका लांब, की एका टोकाला देसाईगंजची रेल्वे, तर दुसऱ्या टोकाला गोदावरीपलीकडे तेलंगणा.

म्हणून दोन गावांमधलं अंतर सांगताना मला महिना विचारावासा वाटतो, आणि जाणारा कोण तेही. मत नेणाऱ्या यंत्राला अर्धा तास लागतो. मत देणाऱ्या बाईला प्रसूतीच्या कळा घेऊन रात्रभर चालावं लागू नये. हेलिकॉप्टर पुरात रुग्णांनाही उचलतं, जीव वाचवतं; पण रोजच्या जगण्याला लागतो तो पुराच्या रेषेहून उंच पूल, नाल्यावरचा पक्का रपटा आणि पावसाळ्यातही न चुकणारी एसटी. भर श्रावणात, तापलेलं पोर कडेवर घेऊन निघालेली आई दवाखान्यात वेळेत पोचली, की भामरागड जवळ आलं असं मी म्हणेन.